मुळशीत डिमेन्शिया नाही म्हणणाऱ्यांसाठी

आपल्या खेड्यांत डिमेन्शिया नाही, हे विधान हल्ली इतक्या आत्मविश्वासाने केले जाते की त्याला पुरावा मागणाराच शंकेखोर ठरतो. विधानाचा साचा ठरलेला आहे. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, हा पुण्यातल्या कोथरूड-बाणेरच्या फ्लॅटमधला आजार. मुले परदेशी, शेजारी अनोळखी, दिवसभर समोर टीव्ही. उलट पौड ओलांडून ताम्हिणीच्या दिशेने जा. धरणाकाठच्या वाड्यांवर ऐंशीचा म्हातारा अजून चढ चढतो, खाचरात उतरतो, घरचा आंबेमोहर खातो, नातवंडांच्या गराड्यात झोपतो, त्याला कसला डिमेन्शिया? आणि एखादा विसरू लागलाच तर त्याला आजार कशाला म्हणायचे, साठी बुद्धी नाठी हे सर्वांना ठाऊकच आहे. या युक्तिवादाचे दोन भाग एकमेकांच्या मुळावर उठलेले आहेत, हे बोलणाऱ्याच्या लक्षात येत नाही. पहिला भाग सांगतो की गावात विसरणारे नाहीत, दुसरा सांगतो की सगळेच विसरतात, त्यात नवल काय. दोन्ही एकाच वेळी खरे असणे शक्य नाही. परिणाम मात्र दोहोंचा एकच होतो, तो म्हणजे कोणी मोजायला जात नाही. माझे म्हणणे असे की पुणे जिल्ह्यातल्या मुळशीसारख्या तालुक्यात हा आजार नाही ही समजूत आपल्या मोजपट्टीने आणि आपल्या घरांच्या घडणीने तयार केली आहे, रोगाचा तिच्यात फारसा हात नाही. आणि तिची किंमत मुख्यतः बायका मोजत आहेत, विसरणाऱ्याही आणि सांभाळणाऱ्याही.

आधी प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम पुरावा घेऊ. हरियाणातल्या बल्लभगड भागातील खेड्यांत भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी मिळून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. ६५ वर्षांवरच्या दर हजार माणसांमागे वर्षाला अल्झायमरचे (डिमेन्शियाच्या सर्वांत सामान्य प्रकाराचे) ४.७ नवे रुग्ण, आणि तुलनेला घेतलेल्या पेनसिल्व्हेनियातल्या मोनोन्गहेला खोऱ्यात १७.५. जगात तोवर नोंदल्या गेलेल्या सर्वांत कमी दरांपैकी हा एक. हा आकडा जगभर फिरला आणि फिरता फिरता त्याला हळद लागली. भारतीय माणूस रोज हळद खातो, हळदीत कर्क्युमिन असते, कर्क्युमिन प्रयोगशाळेत अमायलॉइड या अल्झायमरशी जोडलेल्या प्रथिनाच्या गुठळ्या विरघळवते, म्हणून भारतीय माणसाला अल्झायमर होत नाही, अशी ही साखळी. मूळ संशोधकांनी दिलेली कारणे मात्र पुष्कळ सावध होती. एकूण आयुर्मान कमी, आजार जडल्यावर माणूस फार काळ जगत नाही, आणि कदाचित धोका वाढवणारे वा टाळणारे घटक वेगळे असतील, इतकेच ते म्हणाले होते. हळदीची परीक्षा पुढे माणसांवरही झाली. हाँगकाँगमधल्या चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये आणि अमेरिकेतल्या चाचणीचे २०१२ मध्ये आले. दोन्हींत अल्झायमरच्या रुग्णांना कर्क्युमिन देऊन खोट्या गोळीपेक्षा जास्त लाभ दिसला नाही. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या चाचणीत स्मृती थोडी सुधारली, पण त्यातल्या चाळीस जणांपैकी कोणालाही डिमेन्शिया नव्हता आणि त्यांना दिलेले कर्क्युमिन शरीरात अधिक शोषले जाईल असे खास बनवलेले होते. आमटीतली चमचाभर हळद त्याच्या आसपासही पोचत नाही. हळद खावी, ती चवीला लागते. तिच्या भरवशावर तालुक्याचे आरोग्य नियोजन करू नये.

आता त्या कमी आकड्यांकडे वळू, कारण खरी गोम तिथे आहे. '१०/६६' नावाचा एक आंतरराष्ट्रीय संशोधक गट आहे. जगातले ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत आणि त्यांच्यावरचे संशोधन १० टक्क्यांहून कमी, ही तक्रारच या गटाने आपले नाव म्हणून घेतली. त्यांनी २००८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लॅटिन अमेरिका, चीन आणि भारतातल्या पाहण्या एकत्र मांडल्या. भारतातले ग्रामीण ठिकाण तमिळनाडूतल्या वेल्लोरजवळचे होते. अमेरिकी मानसोपचार संघटनेची डीएसएम-४ ही कसोटी लावली तेव्हा तिथल्या ६५ वर्षांवरील माणसांत डिमेन्शियाचे प्रमाण निघाले फक्त ०.३ टक्के. त्याच माणसांना, त्याच घरांत, गटाने कमी शिकलेल्या समाजांसाठी तपासून घेतलेली स्वतःची कसोटी लावली तेव्हा ते दहा टक्क्यांच्या घरात गेले. माणसे तीच, मेंदू तेच, आणि फरक तिसाहून अधिक पटींचा. डीएसएम-४ ची अट अशी की स्मृती आणि विचारशक्ती इतकी ढासळली पाहिजे की दैनंदिन व्यवहार अडतील, आणि अडतात की नाही हे घरच्यांनी सांगायचे. घरच्यांनी काय सांगावे? ज्या सासऱ्याने दहा वर्षांपूर्वीच बँक, रेशन, औतफाटा सगळे मुलाकडे सोपवले, ज्याला ताट समोर येते आणि कपडे धुऊन मिळतात, त्याचा कोणता व्यवहार अडणार? तो सकाळी न्याहारी करून तासाभराने पुन्हा मागतो, सुनेला बहिणीच्या नावाने हाक मारतो, पण 'काही अडतं का' या प्रश्नाला सून सरळ मनाने नाही म्हणते. वडीलधाऱ्याकडून अपेक्षाच न ठेवणे याला आपण मान देणे म्हणतो, आणि त्या मानाखाली आजार वर्षानुवर्षे झाकलेला राहतो.

प्रश्न विचारण्याची रीत हा दुसरा अडसर. स्मृतीच्या प्रचलित चाचण्या शाळेत गेलेल्या माणसासाठी घडलेल्या आहेत. आजची तारीख सांगा, शंभरातून सात सात वजा करत जा, एक वाक्य लिहा, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढा. कधी पेन्सिल न धरलेली बाई पंचकोन काढू शकली नाही, तर तिच्या मेंदूविषयी काहीच कळत नाही. म्हणूनच बल्लभगडच्या संशोधकांना आधी हिंदी मानसिक स्थिती परीक्षा वेगळी रचावी लागली होती. तारीख न सांगणारी म्हातारी परवाची एकादशी आणि पौडच्या बाजाराचा वार अचूक सांगेल, आणि ज्या दिवशी ती एकादशीच चुकू लागेल त्या दिवशी खरी काळजी सुरू होते. असे प्रश्न मराठीतून, मावळपट्टीच्या बोलीतून, तिथल्या माणसांवर पारखून घ्यावे लागतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने निरक्षर आणि साक्षर दोघांनाही चालतील अशा चाचण्यांचा संच केला तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत. पहिल्या यादीत मराठी नव्हती. अशा कसोट्या हाती घेऊन देशभर पाहणी झाली तेव्हा चित्र पालटले. वृद्धांच्या राष्ट्रीय अभ्यासाच्या डिमेन्शियाविषयक भागाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. ६० वर्षांवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना डिमेन्शिया आहे; पुरुषांत ५.८ टक्के, स्त्रियांत ९, शहरांत ५.३ आणि खेड्यांत ८.४. खेड्यांत जास्त. पहिल्या परिच्छेदातला सिद्धान्त इथे पायावर नव्हे, डोक्यावर उभा आहे.

मुळशीपुरता हिशेब करून पाहू, ढोबळच. २०११ च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ७१ हजार होती आणि राज्यात साठीपुढच्यांचे प्रमाण ९.९ टक्के. म्हणजे सतरा हजारांच्या आसपास वृद्ध, आणि वरचे दर लावले तर बाराशे ते चौदाशे डिमेन्शियाग्रस्त. आयटी कंपन्यांची हिंजवडी आणि माण ही गावेही मुळशी तालुक्यातच येतात, त्यामुळे तरुणांची भर पडून टक्केवारी थोडी खाली येईल. पण वृद्धांची संख्या तेव्हापेक्षा वाढलेली आहे. हा आकडा निम्म्याने चुकला असे धरले तरी सहाशे घरे उरतात. ती घरे कागदावर कुठे आहेत? म्हातारचळ, हट्टीपणा, बाहेरची बाधा अशा नावांनी ती घराच्या आतच राहतात, आणि देवऋषी झाल्यावर, घरातली भांडणे झाल्यावर, कधी कधी माणूस घरातून निघून जाऊन दोन दिवसांनी सापडल्यावर दवाखान्याची वाट धरतात.

यावर पहिला आक्षेप येतो एकत्र कुटुंबाचा. आपल्याकडे घर सांभाळते, मग आजाराचे लेबल लावून वृद्धाला वेडा ठरवण्यात काय हशील? घर सांभाळते हे खरे आहे, पण घर म्हणजे बहुधा एक सून किंवा एक म्हातारी बायको, आणि तिला कोण सांभाळते हा प्रश्न या आक्षेपात कधीच येत नाही. शिवाय मुळशीत निदान न होण्याला एक खास स्थानिक बाजू आहे, जमिनीची. पुण्याची वाढ भूगाव, पिरंगुट, लवळे करत पश्चिमेला सरकली तशी इथल्या सातबाऱ्यावरच्या प्रत्येक म्हाताऱ्या नावाला किंमत आली. खरेदीखत, हक्कसोड, कुलमुखत्यारपत्र यांवर त्या म्हाताऱ्याचा अंगठा लागतो. १८७२ च्या करार कायद्याचे बारावे कलम सांगते की करार करणाऱ्याला तो काय आहे हे समजले पाहिजे आणि त्याचा आपल्या हितावर होणारा परिणाम त्याला पारखता आला पाहिजे. ज्याच्या आजाराला नावच नाही त्याला हे समजत होते की नव्हते, हे पाच वर्षांनी कोणत्या कागदावरून ठरवणार? निदान नसेल तर फसवणारा सुटतो आणि प्रामाणिक खरेदीदारही गोत्यात येतो. लेबल नको म्हणणाऱ्यांनी हा हिशेब मांडलेला मला दिसत नाही. डिमेन्शियाचे निदान झाले म्हणजे माणसाचा सगळा अधिकार संपला असे मुळीच नाही; उलट सुरुवातीच्या टप्प्यात निदान झाले तर आपल्या जमिनीचे काय करायचे हे तो शुद्धीत सांगू शकतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो डॉक्टरांकडूनही येतो. यावर उपचार नाही, मग शोधून काय करायचे? एक तर विसरणारा प्रत्येक जण अल्झायमरचा नसतो. थायरॉइडची कमतरता, नैराश्य, पडून डोक्यात साकळलेले रक्त, झोपेच्या गोळ्या, आणि पुणे जिल्ह्यात विशेष करून बी१२ जीवनसत्त्वाचा अभाव, अशीही कारणे असतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ग्रामीण, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गीय पुरुषांची तपासणी २००६ मध्ये मांडली, तीत ६७ टक्के पुरुषांत बी१२ कमी निघाले. बी१२ दिल्याने अल्झायमर बरा होत नाही, पण ज्याची गफलत मुख्यतः त्या अभावातून आली आहे त्याला काही रुपयांच्या इंजेक्शनाने लवकर गाठले तर फरक पडतो. आणि ज्यांना खरोखर असाध्य आजार आहे त्यांच्यासाठीही काय करता येते हे मुळशीपासून फार लांब नसलेल्या गोव्यात दाखवून झाले आहे. डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांवर केलेली चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. डॉक्टर नसलेले, प्रशिक्षण दिलेले सल्लागार सहा महिने, किमान पंधरवड्यातून एकदा, घरी जात. रुग्ण का ओरडतो, आंघोळीला का नाकारतो, रात्री का उठतो हे समजावणे, सांभाळणारीला दोन तास मोकळे मिळतील अशी घरात वाटणी घडवणे, पेन्शन वा योजनेचा अर्ज भरून देणे, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाला बोलावणे. सांभाळणाऱ्यांचे मानसिक आरोग्य सुधारले आणि रुग्णाच्या वागण्यामुळे होणारा त्यांचा त्रास कमी झाला, दोन्ही संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकतील इतके. काळजीचा एकूण बोजा घटल्याचे मात्र ठामपणे सिद्ध झाले नाही, आणि ८१ घरे हा लहान नमुना आहे. तरीही १०/६६ गटाने याच धर्तीवर रशिया आणि पेरूमध्ये चाचण्या केल्या तेव्हा सांभाळणाऱ्यांवरचा ताण तिथेही कमी झाला. बंगळुरूत हेच ज्ञान संगणकावरून देऊन पाहिले, तर बरेच लोक मधूनच गळाले आणि ताणात फरक पडला नाही. घरी येणारे माणूस हाच औषधाचा मोठा भाग दिसतो. ज्या तालुक्यात आशा ताई प्रत्येक वाडी ओळखतात, तिथे उपचार नाही म्हणून हात वर करणे मला पटत नाही. हे जास्तीचे काम त्यांच्यावर फुकट लादावे असे मात्र कोणी सुचवू नये. गोव्यातले सल्लागार पगारी होते.

तिसरा आक्षेप नव्या औषधांच्या भक्तांचा. अमायलॉइड साफ करणारी प्रतिपिंडे आली आहेत, थोडे थांबा, सगळे बदलेल. अमेरिकेत लेकानेमॅबला २०२३ मध्ये आणि डोनानेमॅबला २०२४ मध्ये मान्यता मिळाली हे खरे; त्याआधी २०२१ मध्ये गाजावाजा करून मंजूर झालेले अडुकानुमॅब २०२४ मध्ये कंपनीने सोडून दिले हेही खरे. लेकानेमॅबच्या मुख्य चाचणीत १७९५ माणसे होती. अठरा महिन्यांनी १८ गुणांच्या मापावर खोटे औषध घेणारे १.६६ ने घसरले, खरे घेणारे १.२१ ने. फरक ०.४५. याचेच रूपांतर २७ टक्के ऱ्हास मंदावला या मथळ्यात होते. ही घट शून्य नाही, आणि वीस वर्षांच्या अपयशानंतर अमायलॉइड काढल्याने काहीतरी होते हे दिसणे विज्ञानाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. पण त्यासाठी आजार अगदी आरंभीच सापडावा लागतो, पीईटी स्कॅन किंवा पाठीतल्या पाण्याच्या तपासणीने अमायलॉइड सिद्ध करावे लागते, सुरुवातीच्या काळात दर दोन आठवड्यांनी शिरेतून औषध घ्यावे लागते आणि अधूनमधून एमआरआय काढावे लागतात, कारण आठांपैकी सुमारे एकाच्या मेंदूला सूज दिसली. अमेरिकेत सुरुवातीची किंमत वर्षाला २६,५०० डॉलर. धरणापलीकडच्या वाडीतून पावसाळ्यात पुण्याला ये-जा करणाऱ्या कुटुंबासाठी हा काय उपचार आहे? आणि जिथे आरंभीचे निदानच होत नाही, तिथे हे औषध उद्या फुकट वाटले तरी ते द्यायचे कोणाला? वाट पाहा म्हणणाऱ्यांच्या औषधालाही आधी तीच मोजणी लागते, जी त्यांना बिनमहत्त्वाची वाटते.

एक आक्षेप मात्र मला अर्धा मान्य आहे. घरोघरी प्रश्न विचारून काढलेला ७ किंवा १० टक्क्यांचा आकडा नेमका कशाचा? अल्झायमरचा, छोट्या छोट्या पक्षाघातांचा, मधुमेहाने झिजलेल्या रक्तवाहिन्यांचा, की आयुष्यभराच्या अर्धपोटी आहाराचा? प्रश्नावलीने हे कळत नाही. त्यासाठी मेंदू उघडून पाहावा लागतो. अमेरिकेतल्या ६७८ ख्रिस्ती संन्यासिनींनी (नन) मृत्यूनंतर मेंदू देण्याचे कबूल केले, म्हणून कळले की काहींचे मेंदू अल्झायमरच्या खुणांनी भरलेले असूनही त्या शेवटपर्यंत शाबूत होत्या. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्समध्ये १९९५ पासून मेंदूपेढी आहे. महाराष्ट्रात देहदानाची जुनी आणि चांगली परंपरा आहे, पण देहदान आणि मेंदूदान ही दोन वेगळी कामे आहेत याची जाणीव फार थोड्यांना असते. १९४९ चा शरीररचनाशास्त्राचा कायदा मुळात विच्छेदनासाठी देह मिळावेत म्हणून झाला. लवळ्याच्या टेकडीवर २०२० पासून मुलींचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी रसायनात जतन केलेला देह विद्यार्थिनींना शरीररचना शिकवतो आणि ते मोलाचे आहे, पण आजाराच्या अभ्यासाला तो पुरत नाही. मेंदू काही तासांत काढावा लागतो, एक भाग खोल गोठवावा लागतो, दुसरा फॉर्मलिनमध्ये ठेवावा लागतो, आणि मुख्य म्हणजे तो माणूस हयातीत काय विसरत होता याची वर्षानुवर्षांची नोंद सोबत हवी. नोंदीविना आलेला मेंदू फार थोडे बोलतो. म्हणून हा आक्षेप मोजणी थांबवण्याचे कारण होऊ शकत नाही. तो मोजणी अधिक खोल नेण्याची मागणी करतो.

असे काम ग्रामीण भागात होऊ शकते का, ही शंका आता शिल्लक राहू नये. कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरात बंगळुरूच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चने ४५ वर्षांवरील दहा हजार ग्रामस्थांना वर्षानुवर्षे तपासत राहण्याचे काम हाती घेतले आहे, रक्तापासून एमआरआयपर्यंत. तो आंब्यांचा तालुका, मुळशी भाताचा. दोन्हींकडे शाळा न पाहिलेली वृद्ध पिढी. शेवटचा आक्षेप उरतो तो गरीब खेडुतांना प्रयोगाचे उंदीर करण्याचा, आणि २०१० मध्ये खम्मम आणि वडोदऱ्यातला एचपीव्ही लशीचा प्रकल्प मुलींच्या संमतीसारख्या प्रश्नांवरून उठलेल्या वादात थांबवावा लागला ते पाहता तो झटकून टाकता येणार नाही. डिमेन्शियात तर संमती देणाऱ्याची समजच डळमळीत असते. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा वेळी कायदेशीर प्रतिनिधीची संमती लागते. पण जिथे मुलगाच प्रतिनिधी आणि तोच सातबाऱ्याचा वारस, तिथे एवढ्याने भागत नाही. त्या घराशी हितसंबंध नसलेला एक साक्षीदार आणि रुग्णाने मान हलवून दिलेला नकारही नकारच मानण्याची अट हवी. मुळशीत गोव्यासारखी चाचणी घ्यायची, तर राहिला प्रश्न तुलनेसाठी अर्ध्या घरांना मदतीशिवाय ठेवण्याचा. गोव्याच्या चाचणीत तुलनेसाठी निवडलेल्या कुटुंबांना आजाराची माहिती दिलेली होती आणि ती प्रतीक्षा यादीवर होती. मुळशीतल्या चाचणीची रचना तशीच असावी, आणि प्रतीक्षा किती महिन्यांची ते प्रस्तावातच लिहिलेले असावे.